बालाघाटाची वाट

समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशाचें भवितव्य पुष्कळदां वाटेवर अवलंबून असतें. आणि ती वाट कोठून जावी, हें ठरविणारा बहुधा तेथील रहिवासी नसतो. वऱ्हाडच्या बालाघाटांतील वाशीमचा इतिहास याची साक्ष देतो.

१८५३ च्या एप्रिलांत मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. लगोलग मे महिन्यांत ईस्ट इंडिया कंपनीनें निजामाशीं तह करून हैदराबादच्या फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड आपल्या ताब्यांत घेतलें. वरवर पाहतां या घटना निराळ्या. परंतु लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस हवा होता, तो वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत पिकत होता, आणि मध्यें सह्याद्रीचे घाट आडवे होते. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून तेथील कापूस अडला, तेव्हां वऱ्हाडाकडे गिरणीवाल्यांची दृष्टि अधिकच वळली. तथापि लोहमार्ग नागपुरास पोहोंचला तो १८६७ सालीं. तत्पूर्वीं, १८६५ मध्यें, युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते.

शिवाय हा मार्ग पयानघाटाच्या सपाटीवरून, अकोला व मूर्तिजापूर असा गेला. वाशीमच्या पठारावरील माल बैलगाड्यांनीं घाट उतरून खालीं न्यावा लागे. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारा अरुंद मार्ग कारंजावरून निघाला. ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानें ओळखली जाणारी ती गाडी आतां बंद आहे. पूर्णा–अकोला मार्गानें वाशीम शहरासही रेल्वे लाभली.

१९९८ सालीं वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. आज ७०१ किलोमीटरांचा नागपूर–मुंबई समृद्धि महामार्ग कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव या तालुक्यांतून जातो. जून २०२५ मध्यें तो पूर्णपणें खुला झाला. वाट एकदांची दाराशीं आली. परंतु वाट दोन्ही दिशांनीं चालते. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत अमेरिकेनें भारतीय मालावर जबर कर लादला. त्याच सुमारास भारत सरकारनें कापसावरील आयातशुल्क माफ केलें, व ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. गिरण्यांस दिलासा मिळाला; मात्र ऐन वेचणीच्या हंगामांत येथील कापसासमोर परदेशी कापूस स्पर्धेस उभा राहिला.

तात्पर्य, रस्ता म्हणजे समृद्धि नव्हे. कापसाची रुई व सोयाबीनचें तेल याच पठारावर निघूं लागेल, आणि परदेशांशीं करारमदार होतांना पिकविणाऱ्याचेंही म्हणणें विचारांत घेतलें जाईल, तेव्हांच ही वाट खऱ्या अर्थानें वाशीमची होईल.