विश्लेषण : स्लाइडवरची संशयास्पद पेशी पुन्हा नेमकी कशी सापडते?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या पॅप स्मिअर तपासणीत एका स्लाइडवर हजारो पेशी असतात. त्यांतल्या मोजक्याच संशयास्पद असू शकतात. तंत्रज्ञाला दिसलेली पेशी पॅथॉलॉजिस्टला दाखवताच आली नाही तर? म्हणूनच पेशी शोधण्याइतकेच तिचा ‘पत्ता’ नोंदवणे महत्त्वाचे ठरते.

शोध इतका अवघड का?

फील्ड नंबर २० असलेल्या आयपीसमधून, ४० एक्स ऑब्जेक्टिव्हखाली एका वेळी अवघे अर्धा मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ दिसते. २२ बाय ५० मिलिमीटरच्या कव्हरस्लिपचे क्षेत्रफळ अशा सुमारे ५,६०० वर्तुळांएवढे भरते.

सर्वांत सोपा उपाय कोणता?

शाईचा ठिपका. पेशीच्या अगदी शेजारी कव्हरस्लिपवर पेनाने खूण करतात. मात्र, स्लाइड झायलीन किंवा अल्कोहोलने पुसली की बऱ्याच पेनांची शाई निघून जाते. कायमची खूण हवी असल्यास ऑब्जेक्टिव्हच्या जागी हिऱ्याच्या टोकाचा मार्कर बसवून काचेवर बारीक वर्तुळ कोरतात.

स्टेजवरच्या मोजपट्ट्या कशासाठी?

बहुतेक प्रयोगशाळांतील मायक्रोस्कोपच्या स्टेजवर क्ष आणि य दिशांना व्हर्नियर मोजपट्ट्या असतात. व्हर्नियरचा शून्य ४२ आणि ४३ च्या मध्ये असेल आणि त्याची सहावी रेघ मुख्य पट्टीवरील रेघेशी जुळत असेल, तर वाचन ४२.६ मिलिमीटर. दोन्ही वाचने लिहून ठेवली की पत्ता तयार. लेबल कोणत्या बाजूला होते, हेही लिहावे लागते. स्लाइड उलटी बसली की पत्ता चुकतो.

दुसऱ्या मायक्रोस्कोपवर काय?

तिथे हे आकडे जुळतीलच असे नाही, कारण प्रत्येक स्टेजचा शून्य वेगळ्या जागी असतो. त्यासाठी ‘इंग्लंड फाइंडर’ वापरतात. ही स्लाइडच्याच आकाराची काचपट्टी असून तिच्यावर १ मिलिमीटरचे, अक्षर आणि अंक दिलेले चौकोन असतात. पेशी मध्यभागी आणायची, स्टेज न हलवता स्लाइड काढायची, फाइंडर ठेवायचा आणि चौकोन वाचायचा. दुसरी व्यक्ती आपल्या मायक्रोस्कोपवर तोच चौकोन मध्यभागी आणते आणि मग स्लाइड ठेवते. सूक्ष्म जीवाश्मांच्या शोधनिबंधांतही असे पत्ते छापले जातात.

डिजिटल स्कॅनमुळे प्रश्न सुटला?

बराचसा. स्कॅन केलेल्या प्रतिमेवर खूण थेट जतन होते. पण प्रत्येक प्रयोगशाळेत स्कॅनर नसतो. तिथे आजही दुसऱ्या डॉक्टरचे मत घेताना तो ठिपका किंवा वहीतले दोन आकडेच कामी येतात.