घरी बांधलेली गाडी थांबते कशी?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी गप्पा तशाच आहेत.

आधी एक प्रश्न. स्कूटर शिकताना तुम्हाला घरातल्या कुणीतरी सांगितलंच असेल, ‘पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस, पडशील.’ खरंच आहे ते. दुचाकीचं पुढचं चाक जाम झालं की आपण थेट रस्त्यावर. आता चारचाकी घ्या. करकचून ब्रेक मारला आणि चाकं जाम होणारच असतील, तर आधी कुठली जाम झालेली बरी? पुढची की मागची?

मी पटकन ‘मागची’ म्हणालो, आणि दादा हसला.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. इंग्लंडमध्ये नोकरी करतो आणि गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये एक छोटी, दोन सीटची, टप नसलेली गाडी बांधतोय. तिकडे याला किट कार म्हणतात. चासी आणि बॉडीचे भाग नवे येतात. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक बहुतेक वेळा एखाद्या जुन्या गाडीतून काढलेले असतात. अशी गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी पास व्हावी लागते. इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल, म्हणजे त्या एकाच गाडीची मंजुरी. २००९ पासून ही पद्धत आहे. प्रमाणपत्र मिळालं की मग नोंदणी आणि नंबर.

दादाची तारीख दोन आठवड्यांवर आली आहे. म्हणून आज विषय एकच: ब्रेक.

पुढची चाकं आधी का?

मी: दादा, पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग चालणार नाही ना?

दादा: नाही चालणार. पण गाडी सरळ घसरत जाईल. ब्रेक जरा सोडलास की स्टिअरिंग परत हातात येतं. मागची आधी जाम झाली तर मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गरकन फिरते. तेवढ्यात सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

थोडक्यात काय, तर दुचाकीवर शिकलेली गोष्ट इथे उलटी होते.

याच्यामागचं गणित सोपं आहे. बसमध्ये ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तसंच गाडीचं वजनही पुढच्या चाकांवर सरकतं. समजा माणसासकट गाडी ७०० किलोची आहे आणि उभी असताना पुढे ३५०, मागे ३५० असा भार आहे. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर २.३ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ४५ सेंटीमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट इतका जोरदार ब्रेक मारला, तर ७०० × ०.८ × ०.४५ भागिले २.३, म्हणजे साधारण ११० किलो भार पुढे जातो. आता पुढे ४६०, मागे फक्त २४०. मागच्या टायरची पकड तेवढीच कमी झाली. तरी ब्रेकचा जोर अर्धा-अर्धा वाटला, तर मागची चाकं आधी जाम होणारच.

म्हणूनच ‘मागे मोठी डिस्क टाकली की गाडी लवकर थांबेल’ हा हिशोब चुकतो. नुसता मागचा ब्रेक वाढवला की वाटणी बिघडते. काही किट कारमध्ये पुढे-मागे किती जोर जाईल हे बदलायला बॅलन्स बार असतो. रेसिंगला तो कामाचा. पण आयव्हीएला जाताना तो एकदा नीट सेट करून असा पक्का करावा लागतो की नंतर सहज फिरवता येणार नाही.

आपल्याकडे इंजिनिअरिंगची पोरं बाहा स्पर्धेसाठी गाडी बांधतात, तिथल्या ब्रेक टेस्टला चारही चाकं जाम झाली की टाळ्या पडतात. तो बंद मैदानावरचा खेळ. रस्त्यावर नुसतं जाम होणं पुरत नाही, आधी कोण हेही बघतात.

तीन संध्याकाळी वाया

दादाने सगळे पाइप बसवले, ब्रेक ऑइल भरलं आणि एअर काढायला बसला. वहिनी आत बसून पेडल दाबणार, दादा खाली निपल उघडणार. ‘दाब… धर… सोड.’ निपल बंद केल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत. आणि वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात.

तीन संध्याकाळी हेच चाललं. तरी पेडल स्पंजसारखं. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे लाइनमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो.

मी: मग सापडलं कसं?

दादा: तुझ्या वहिनीला सापडलं. म्हणाली, ‘अहो, या बाजूचं निपल वर आहे आणि त्या बाजूचंही वर आहे. मग मागची दोन्ही खाली कशी?’ मी मागचे कॅलिपर डावे-उजवे उलटे बसवले होते!

हवा नेहमी वर जाते. निपल खाली असेल तर ऑइल निघत राहतं आणि हवा वर अडकून बसते. कॅलिपर अदलाबदल केले आणि अर्ध्या तासात पेडल दगडासारखं कडक झालं.

तपासणीआधीची यादी

दादाच्या भिंतीवर चिकटवलेली यादी ही अशी:

१. पेडल पूर्ण जोराने काही मिनिटं दाबून धरायचं. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळायचा, ओला झाला की जागा सापडली.

२. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवायचं, सस्पेन्शन पूर्ण वर-खाली करायचं. रबरी होज ताणला जायला नको, टायरला किंवा चासीला घासायलाही नको.

३. धातूचे पाइप जागोजागी क्लिपने पक्के हवेत. लोंबणारा पाइप थरथरून एक दिवस तुटतो.

४. दोन वेगळी सर्किट हवीत. एक फुटलं तरी दुसऱ्याने गाडी थांबली पाहिजे. ऑइल कमी झाल्याचा लाल दिवा ड्रायव्हरला दिसला पाहिजे आणि लागतो की नाही हे तपासताही आलं पाहिजे.

५. हँडब्रेक केबलने, म्हणजे यांत्रिकच चालला पाहिजे. नवी केबल थोडी ताणते, म्हणून काही दिवसांनी परत ॲडजस्ट करायची.

६. ऑइल सीलबंद डब्यातलंच. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर किमान १५५. उकळलं की वाफ, आणि वाफ झाली की पेडल खाली. रंगावर सांडलं तर रंगही जातो.

७. नवे पॅड डिस्कवर बसलेले हवेत. कोरे पॅड पूर्ण टेकत नाहीत. तपासणीत प्रत्येक चाक रोलरवर ठेवून जोर मोजतात, तिथे आकडा कमी येतो. म्हणून दादा एका ओळखीच्याच्या खासगी जागेत गाडी फिरवून, पुन्हा पुन्हा ब्रेक मारून पॅड बसवतोय.

इथे करून बघू नका

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल मनाने करता येत नाहीत. त्यामुळे हे ऐकून घरच्या गाडीचे ब्रेक खोलायला बसू नका. पण पुढच्या वेळी मेकॅनिकने एअर काढली की पेडल स्वतः दाबून बघा. मऊ लागलं तर गाडी ताब्यात घेऊ नका.

शेवटी मी दादाला विचारलं, ‘नापास झालास तर?’

दादा: तर कशात झालो त्याचा कागद देतील, दुरुस्त करून परत जाईन. नापास व्हायला मी घाबरत नाही रे. आपली छकुली रोज विचारते, बाबा, मला कधी बसवणार? ते निपल खालीच राहिलं असतं आणि मी तिला तसंच बसवलं असतं, याची भीती वाटते.

निकाल आला की कळवतोच. तोपर्यंत हेल्मेट घाला, भेटू पुढच्या भागात!