आजोबांची फाईल आणि कंपन्यांची कुलपं

आधीच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

दिवाळीत गावी, लोहगडवाडीला गेलो होतो. माळ्यावर आजोबांची एक सीडी सापडली. गडाच्या वाटा, पाण्याची टाकी, भातलावणी, जुनी माणसं असं सगळं त्यांनी वहीत लिहिलं होतं आणि २००२ साली लोणावळ्याच्या एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलं होतं. वही पावसात भिजून गेली. आजोबाही गेले. उरली ती सीडी.

होस्टेलवर येऊन फाईल उघडली, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांचा नुसता काला! रूममेट म्हणाला, "व्हायरस आहे रे." व्हायरस नव्हता. फाईल ठणठणीत होती, फक्त तिला कुलूप होतं.

ते कसं, सांगतो. कॉम्प्युटर अक्षरं नाही, आकडे साठवतो. इंग्रजी कॅपिटल ए म्हणजे ६५. त्या काळी मराठी फॉन्ट बनवणारे इंग्रजी अक्षरांच्याच जागी काना, वेलांटी, अर्धा श असे तुकडे बसवायचे. फाईलमध्ये आकडा ६५ च, पडद्यावर मात्र मराठी. पण ६५ वर कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणजे एका कंपनीत टाईप केलेला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये वाचता येणार नाही. वर कॉम्प्युटरच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉक. एकदा एकीचं सॉफ्टवेअर घेतलं, की जन्माची गाठ!

बरं, प्रमाण नव्हतं असंही नाही. भारतीय भाषांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली ठरलं होतं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. जोडाक्षरं नीट दाखवणं विंडोजला बरीच वर्षं जमत नव्हतं, ही अडचण खरी. पण तक्ता प्रत्येकाने वेगळा ठेवावा, ही तांत्रिक गरज नव्हती. तो धंदा होता.

हा धडा पीसीच्या बाजाराने आधीच गिरवला होता. तेव्हा विंडोज डॉसवर चाले, आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसला डीआर-डॉस हा तगडा स्पर्धक होता. १९९१ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने एक छुपा कोड घातला. खाली दुसऱ्या कंपनीचं डॉस दिसलं, की तो एरर दाखवायचा. प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसायचं! हेतू एकच, गिऱ्हाईक घाबरावं. बाजारात आलेल्या आवृत्तीत तो कोड होता, पण बंद करून ठेवलेला. १९९६ साली कॅल्डेरा कंपनीने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. २००० साली तो तडजोडीने मिटला.

आता दुसरी बाजू. मराठी सॉफ्टवेअरचा बाजार लहान, आणि एक प्रत विकली की दहा चोरून कॉपी व्हायच्या. लॉक उगाच नाही आलं. आपल्या होस्टेलवर किती सॉफ्टवेअर विकत घेतलेली आहेत, हे मी विचारत नाही! पण चोर बाहेर राहावा म्हणून सॉफ्टवेअरला कुलूप लावणं वेगळं आणि गिऱ्हाइकाचं लिखाण आत कोंडणं वेगळं. आमच्या गडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे आहेत. ते शत्रूसाठी बांधले होते, गडावरच्या माणसांना अडकवायला नव्हे.

आजोबांच्या फाईलचा फॉन्ट कुठेच मिळाला नाही, तयार कन्व्हर्टरही चालले नाहीत. सुदैवाने चुलत्यांकडे त्याच लिखाणाची चार पानांची प्रिंट होती. ती समोर ठेवून एकेक आकडा आणि तुकडा जुळवला, तक्ता केला, छोटा प्रोग्राम लिहिला. सबमिशन बोंबललं, पण तीन आठवड्यांनी पहिलं पान युनिकोडमध्ये आलं. काही जोडाक्षरं अजून अडली आहेत. आजीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हां, असंच बोलायचे ते."

तुमच्याही घरी कुणाच्या कविता, कुणाचा प्रबंध अशा जुन्या फाईलमध्ये पडला असेल. टाईप करणारा माणूस आणि छापील पान हाताशी आहे, तोवर उघडून बघा.