परवाना आणि प्याला

मोटार चालविण्याचा परवाना ही वस्तू आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती मुळात काय आहे याचा विचार आपण सहसा करीत नाही. ‘परवाना’ हा शब्द फारसीतून आला आणि लेखी हुकूम, लेखी परवानगी या अर्थाने मराठीत रुळला. परवानगी म्हटली की ती देणारा कोणी असतो, ती देताना काही अटी असतात आणि अटी मोडल्या तर ती परत घेता येते, हे ओघानेच आले. परंतु रिक्षावाल्याच्या, टेम्पोवाल्याच्या किंवा पर्यटकांना तारकर्लीला नेणाऱ्या चालकाच्या घरची चूल याच परवानगीवर पेटत असते. म्हणून दारू पिऊन वाहन चालविणाऱ्याचा परवाना रस्त्यावरच काढून घ्यावा काय, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. एका बाजूस वाटसरूचा जीव आहे, दुसऱ्या बाजूस चालकाची भाकरी आहे. या दोहोंचा मेळ आपला कायदा कसा घालतो, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

हा विषय धामापुरात बोलण्यास तसेच कारण आहे. कुडाळहून मालवणकडे येणारा रस्ता नेरूरपार मागे टाकून धामापूरच्या तळ्याजवळून चौके गावाकडे जातो. वळणे पुष्कळ, झाडी दाट, आणि रस्त्याच्या कडेने भगवतीच्या दर्शनाला जाणारी माणसे, शाळेची मुले, गुरे हे सारे एकाच डांबरावर. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी ७ मीटर अधिक धावली. वळणावरच्या माणसाला ७ मीटर म्हणजे सारे आयुष्य होय.

हा अर्धा सेकंद दारू खाते. मद्यार्क प्रथम मेंदूतील सावधगिरीवर घाला घालतो, हात थरथरणे नंतरचे. म्हणूनच ‘थोडी घेतली की आपला हात अधिक स्थिर चालतो’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते, कारण स्वतःची चूक ओळखणारी शक्तीच आधी मंदावलेली असते. हिशेब करून पाहू. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. साठ किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला, तर ढोबळमानाने त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क पोहोचतो. तितक्याच वजनाच्या स्त्रीच्या रक्तात तो बहुधा अधिक चढतो. साध्या बिअरची एक मोठी बाटलीही या बाबतीत पेगपेक्षा सौम्य नाही. यकृत हा मद्यार्क तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या संथ गतीने उतरविते. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर ओतलेली थंड पाण्याची घागर यांनी माणूस जागा होईल, पण ही गती वाढत नाही. लग्नघरी मध्यरात्रीपर्यंत तीन मोठे पेग घेऊन झोपलेला चालक पहाटे सहाला आंघोळ करून गाडीवर बसला, तरी त्याच्या रक्तात ६० मिलिग्रॅमपर्यंत मद्यार्क उरलेला असू शकतो. त्याला स्वतःला मात्र ‘रात्रीची उतरली’ असेच वाटत असते.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशातील १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मद्यार्काचे माप नव्हते. वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतकी नशा चालकाला झाली होती काय, एवढाच प्रश्न होता. मग साक्षी कसल्या निघत? तोंडाला वास येत होता, पाय अडखळत होते, बोलणे बरळल्यासारखे होते, बाहुल्या विस्फारल्या होत्या. मुंबईतील अपघाताच्या अशाच एका खटल्यात, बच्चूभाई हसनअली कारियानी यांच्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगितले की, रक्ताची वा लघवीची तपासणी न करता केवळ अशा खुणांवरून माणूस प्यालेला होता असे ठरविता येणार नाही. निवाडा रास्तच होता. वास खोकल्याच्या औषधाचाही येतो, आणि अपघातानंतर पाय कोणाचेही लटपटतात. परंतु त्यामुळे मोजमापाची गरज उघडी पडली.

मोजमापाची वाट इतर देशांनी आधी धरली होती. नॉर्वेने १९३६ साली रक्तातील मद्यार्काची मर्यादा कायद्यात घातली. अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये श्वास तपासणारे सुटसुटीत यंत्र तयार केले. त्यामागील तत्त्व सोपे आहे: फुप्फुसात रक्त आणि हवा यांची गाठ पडते, तेव्हा रक्तातील मद्यार्काचा ठराविक अंश हवेत येतो. सुमारे २१०० मिलिलिटर खोल श्वासात जितका मद्यार्क, तितकाच १ मिलिलिटर रक्तात, असे प्रमाण धरतात. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही रेषा आखली गेली. मघाचा पेगाचा हिशेब आठवावा. ती रेषा एकाच मोठ्या पेगाने ओलांडली जाते.

शिक्षा किती? २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा चलन भरून मिटत नाही, न्यायालयात उभे राहावे लागते. गुन्हा शाबीत झाल्यास न्यायालयाने किमान सहा महिने परवाना धारण करण्यास अपात्र ठरवावे, असे कलम २० सांगते. आणखी एक कलम फारसे कोणास ठाऊक नाही. कलम १८८ प्रमाणे या गुन्ह्यास चिथावणी देणाऱ्यासही तीच शिक्षा आहे. चालकाने घेतली आहे हे ठाऊक असून ‘चल रे, काही होत नाही’ म्हणून त्याच्या हाती किल्ली देणारा मालक स्वतःस निर्दोष समजत असेल, तर तो चुकतो.

परंतु शिक्षा नेहमी मागाहून येते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक ॲलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे आपल्या रेषेच्या पावणेचार पट मद्यार्क निघाला. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि केवळ निष्काळजीपणाऐवजी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ते कायम केले. निवाडा महत्त्वाचा आहे, पुढील अनेक खटल्यांत त्याचा आधार घेतला गेला. परंतु त्या सात मजुरांच्या दृष्टीने तो पाच वर्षे उशिरा आला, आणि पाच दिवसांत आला असता तरी उशिराच आला असता. ज्याला थांबवावयाचे, त्याला आदल्या रात्री गाडीच्या दाराशीच थांबवावयास हवे होते.

म्हणून दंडाखेरीज कायद्याला दुसरा हात आहे, तो अडविण्याचा. हा हात कसा चालतो, ते नीट समजून घेतले पाहिजे. संशयास वाजवी कारण असेल, तर गणवेशातील पोलीस अधिकारी कलम २०३ अन्वये चालकाकडे श्वासाचा नमुना मागू शकतो. वाजवी कारण नसताना नकार दिला, तर तो नकार पुढे आरोपाला पुष्टी देणारा पुरावा ठरतो. या गुन्ह्यासाठी अटक झाली, तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या माणसास सोडावे लागते. मग परवान्याची गोष्ट येते. २०१९ मध्ये कलम २०६ ला जोडलेल्या पोटकलमाप्रमाणे पोलिसाने परवाना जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात ओरोसच्या परिवहन कार्यालयाकडे, पाठवावयाचा असतो. चालकाचे म्हणणे ऐकून घेतल्यावर तो अधिकारी त्यास मोकळा सोडू शकतो किंवा कारणे लिहून पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवितो. दुसऱ्या वेळी परवाना रद्द होतो. मुदत संपल्यावरही उजळणीचे शिक्षण पुरे केल्याखेरीज परवाना परत मिळत नाही. हुकमाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते.

तेव्हा रस्त्यावर उभा असलेला पोलीस परवाना निलंबित करू शकतो काय? नाही. तो जप्त करतो आणि पाठवितो, एवढेच. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ साली हेच स्पष्ट केले. परंतु त्याच पोटकलमात एक बारीक ओळ आहे. इतर गुन्ह्यांत कागद जप्त झाला, तर त्याची जी पावती मिळते, तिच्या आधारे ठराविक दिवसापर्यंत वाहन चालविता येते. येथे मात्र परवाना परत मिळेपर्यंत ती पावती वाहन चालविण्याचा अधिकार देत नाही, असे म्हटले आहे. म्हणजे नाव जप्तीचे, पण परिणाम निलंबनाचा! आणि सुनावणी किती दिवसांत व्हावी याची मुदत त्या कलमांत घातलेली नाही. दारू न प्यालेल्या चालकाचा परवाना यंत्राच्या दोषाने अडकला, तर सुनावणीपर्यंतचे सारे दिवस त्याच्या चुलीचेच जातात.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथे २०१० पासून पोलीस रस्त्यावरच ९० दिवसांची बंदी घालू लागले. लोकांनी न्यायालयात दाद मागितली. आक्षेप असा की, एका यंत्राच्या एका आकड्यावर सारे ठरते आणि तो आकडा तपासून पाहण्याची वाट नाही. २०१२ मध्ये कायदा सुधारला: चालकाला दुसऱ्या यंत्रावर दुसरी चाचणी मागण्याचा हक्क सांगावयाचा आणि दोहोंतील कमी आकडा धरावयाचा. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तातडीची बंदी घालण्याचे प्रांताचे धोरण मान्य केले. पहिल्या कायद्यात मात्र नागरिकाला पुरेसे संरक्षण नव्हते, असा निर्वाळा दिला.

यातून आम्हांस जे सुचते ते असे. वचक बसतो तो शिक्षेच्या मोठेपणाने नव्हे, तिच्या खात्रीने आणि तत्परतेने. दहा हजारांचा दंड दोन वर्षांनी झाला, तर तो विसरला जातो. आज रात्री परवाना गेला, तर उद्या सकाळी सारा वाडा बोलतो. म्हणून रस्त्यावरची जप्ती आम्हांस योग्य वाटते. पण तत्परता दोन्हीकडून हवी. परवाना तत्काळ जातो, तर सुनावणीही ठराविक दिवसांत झाली पाहिजे. यंत्राची वेळोवेळी पारख झालेली असावी, नळी प्रत्येकासाठी नवी असावी, आणि तोंडात रेंगाळलेल्या मद्यार्काने आकडा फुगू नये म्हणून पहिल्या चाचणीनंतर पंधरा मिनिटांनी दुसरी घ्यावी. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसू नये. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. त्या खटल्याचा निकाल काहीही लागो, नमुन्यावरचा विश्वास उडाला तर निर्दोष माणूस आणि मेलेल्या माणसाचे कुटुंब दोघेही उघडे पडतात, एवढे त्यातून दिसले.

धामापूरचे तळे १५३० साली बांधले गेले असे सांगतात, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान पाठविला गेला. इतकी शतके ते टिकले, याचे कारण बांध पावसाळ्यापूर्वी पाहिला जातो, फुटल्यावर नव्हे. रस्त्यावरच्या कायद्याचेही तसेच आहे. न्यायालयातील शिक्षा म्हणजे पूर ओसरल्यावरचा पंचनामा. परवाना वेळीच अडविणे म्हणजे बांधाची डागडुजी. आणि त्याही आधीची डागडुजी कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. लग्नाच्या मांडवातून उठणाऱ्या पाहुण्याला ‘आज किल्ली इथेच ठेव, पडवीत अंथरूण घातलं आहे’ असे सांगणारा यजमान ती करीत असतो. तो पोलिसाचे काम हलके करतो, न्यायाधीशाचे काम वाचवितो, आणि वळणावरून चालत येणाऱ्या कोणा अनोळखी माणसाला सुखरूप घरी पोहोचवितो.