अक्षावरचे चिन्ह

मुलांनो, गणिताच्या आणि भूगोलाच्या पुस्तकांत तुम्ही अनेक आलेख पाहिले आहेत. आडव्या रेषेला क्ष-अक्ष आणि उभ्या रेषेला य-अक्ष म्हणतात, हेही तुम्हांला माहीत आहे. अक्षांवर संख्या लिहिलेल्या असतात. पण नुसती संख्या वाचून आलेख समजतो का?

भडगाव हे गिरणा नदीच्या काठी वसलेले गाव आहे. नदीच्या वरच्या भागात, नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात, गिरणा धरण आहे. धरणात पाणी किती साठले, ते पाहून शेतकरी रब्बीचे पीक ठरवतात. पाणी पुरेसे असेल तर गहू पेरतात. कमी असेल तर हात आखडता घेतात.

समजा, एका मुलाने संकेतस्थळावर या धरणाच्या साठ्याचा स्तंभालेख पाहिला. स्तंभ ९ या अंकापर्यंत पोहोचला होता. अंकापुढे काहीच लिहिलेले नव्हते. आता त्याने घरी जाऊन वडिलांना काय सांगावे?

ते ९ टक्के असतील, तर धरण जवळजवळ रिकामे आहे. पण ते ९ टीएमसी असतील तर? एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १८.५ टीएमसी आहे. म्हणजे धरण जवळजवळ निम्मे भरले आहे! अंक एकच, पण अर्थ दोन. म्हणून अक्षावर संख्येबरोबर तिचे एकक किंवा चिन्ह लिहिलेच पाहिजे.

संगणकावर हे काम कसे करतात? समजा, तुम्हांला कापसाच्या भावाचा आलेख काढायचा आहे. तक्त्यात फक्त ७००० अशी संख्या भरा. तिथेच ₹ लिहिले, तर काही वेळा संगणक तिला संख्या न समजता अक्षरे समजतो. मग स्तंभ उभा राहत नाही. त्याऐवजी, अक्षावरची प्रत्येक संख्या दाखवताना तिच्याआधी ₹ लावावे, अशी सूचना संगणकाला द्या. टक्क्यांचे % आणि तापमानाचे °से. ही चिन्हे मात्र संख्येनंतर लावा.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पुष्कळ ठिकाणी % ची सूचना दिली, की संगणक संख्येला १०० ने गुणतो. त्यामुळे ०.५ चे ५०% होतात, पण ५० चे ५०००% होतात! दुसरी गोष्ट ₹ ची. हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याआधीच्या जुन्या अक्षरसंचांत ते नसते. मग त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. अशा वेळी सरळ 'रु.' लिहा.

चिन्हांचा आणखी एक फायदा आहे. तुम्ही उर्दूत 'फीसद' म्हणता, मराठीत 'टक्के' म्हणतात. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, मराठी डावीकडून उजवीकडे. तरी अक्षावर ५०% दिसले, की दोघांनाही एकच अर्थ कळतो.

यापुढे आलेख पाहताना स्तंभाच्या उंचीआधी अक्षावरचे चिन्ह वाचा. आणि स्वतः आलेख काढाल, तेव्हा तो वर्गाबाहेरच्या एखाद्या माणसाला दाखवा. काहीही न विचारता त्याला तो समजला, तर तुमचा आलेख बरोबर जमला.