हाताची खूण पुसणारे चित्र

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये बहरलेल्या अमूर्त अभिव्यक्तिवादात, म्हणजे ओळखीची वस्तू न रंगवता रंग, रेषा आणि हाताचा आवेग यांतूनच भाव प्रकट करणाऱ्या चित्रपद्धतीत, जॅक्सन पोलॉकने जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळू दिला आणि चित्रकाराच्या देहाची हालचालच चित्रात उतरली. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी शोधलेले स्वातंत्र्य याहून वेगळे आणि अधिक अवघड होते, कारण त्यांना स्वतःच्या हातापासूनच मोकळे व्हायचे होते.

नागपुरात, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९४८ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळाली आणि १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. आपल्या चित्रांना ते अमूर्त न म्हणता नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. ज्यामागे मुळात कोणतीच वस्तू नाही, असे चित्र त्यांना अभिप्रेत होते.

हे चित्र घडण्याची रीत निरखण्याजोगी आहे. रोलरने तैलरंगाचे थर एकावर एक चढत. वर्तमानपत्राचे वा मासिकाचे फाडलेले कपटे रंग लावून कॅनव्हासवर दाबले जात आणि उचलले जात, तेव्हा त्यांच्या ओबडधोबड कडांचा ठसा मागे राही. पॅलेट नाइफने रंग खरवडला, की खालच्या थराचा उजेड वर येई. जवळून पाहता हे ठसे एखाद्या विस्मृत लिपीतील अक्षरांसारखे भासतात, परंतु कुंचल्याचा फटकारा, जो चित्रकाराची सही मानला जातो, तो सापडत नाही. कागद कसा फाटेल हे त्यांच्या हाती नव्हते. तो कुठे दाबायचा, हा निर्णय मात्र सर्वस्वी त्यांचा होता, आणि या निर्णयासाठी ते थांबत. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण होत, ते या थांबण्यामुळेच. १९८४ मध्ये त्यांना झालेल्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास थांबले, तेव्हाही कागदावरील शाईची लहान रेखाटने त्यांनी केली.

छापील प्रतीत हे थर सपाट होतात. म्हणून यवतमाळच्या चित्रकला-विद्यार्थ्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात ही चित्रे मांडलेली असतील, तेव्हा ती प्रत्यक्षच पाहावीत, आणि पुरेसा वेळ काढून पाहावीत.