साय-बटाटा करताय? आधी बटाटा पारखा

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, राहाता भागात दूधदुभते भरपूर. घरच्या सायीत बटाट्याच्या चकत्या, मीठ, मिरपूड घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ मुलांना आवडतो. मात्र हिरवा बटाटा त्यात नको. उजेडात राहिलेल्या बटाट्यात हरितद्रव्य तयार होते. ते निरुपद्रवी असते. पण त्याबरोबर सोलानिन हे विषारी द्रव्यही वाढते. १८० अंशांवर तासभर भाजूनही ते फारसे नष्ट होत नाही. जास्त पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, जुलाब, पोटदुखी होते.

कोंब व थोडा हिरवा भाग खोलवर कापून काढावा. फार हिरवा किंवा कडवट बटाटा फेकून द्यावा. बटाटे अंधाऱ्या, थंड, हवेशीर जागी ठेवावेत. मुलाच्या उलट्या थांबत नसल्यास त्वरित दवाखाना गाठावा.